जळालेल्या अणुइंधनावर हक्क कोणाचा?
तारापूरच्या कराराची कहाणी

चुलीतले लाकूड जळून गेले की मागे राख उरते. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात कोळसा जळतो, त्याचीही राखच होते. या राखेसाठी कोणी भांडत नाही. उलट ती टाकायची कोठे, हाच प्रश्न असतो. परंतु आपल्या महाराष्ट्रात एक राख अशी आहे, की तिच्यावरून भारत आणि अमेरिका या दोन देशांत वर्षानुवर्षे पत्रव्यवहार, वाटाघाटी आणि रुसवेफुगवे चालले. तिला हात लावायचा की नाही, लावायचा तर कोणाच्या परवानगीने, यावर कायदेपंडितांनी रकानेच्या रकाने लिहिले. ही राख म्हणजे तारापूरच्या अणुवीज केंद्रातील वापरलेले इंधन होय.

वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघेपासून तारापूर फार दूर आहे. बोरगाव कापसाच्या मुलखात, तर तारापूर पालघर जिल्ह्यात, मुंबईच्या उत्तरेस सुमारे शंभर किलोमीटरवर, थेट अरबी समुद्राच्या काठी. पण विजेच्या तारांच्या जाळ्याने राज्याची सगळी टोके एकमेकांना जोडलेली आहेत. त्यामुळे आपल्या घरातील दिव्यात आलेली वीज नेमकी कोठली, हे सांगता येत नाही. आणि अणुविजेचा प्रश्न तर एका गावाचा नाहीच, तो साऱ्या देशाचा आहे. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, ही राख इतकी मोलाची आणि इतकी धोक्याची का, ते आधी विज्ञानाच्या अंगाने पाहू. मग करारांच्या भानगडी आपोआप समजू लागतील.

अणुभट्टीत इंधन ‘जळते’ म्हणजे काय?

अणुभट्टीत ज्वाला नसते, धूर नसतो. तेथे घडते ते विखंडन. युरेनियमचे दोन समस्थानिक आपल्या कामाचे आहेत: युरेनियम-२३५ आणि युरेनियम-२३८. मंदगती न्यूट्रॉन आदळला की युरेनियम-२३५ चा अणुगर्भ फुटतो, त्याचे दोन तुकडे होतात, उष्णता बाहेर पडते आणि दोन-तीन नवे न्यूट्रॉन मोकळे होतात. हे न्यूट्रॉन आणखी अणुगर्भ फोडतात आणि साखळी चालू राहते. एक ग्रॅम युरेनियम-२३५ चे पूर्ण विखंडन झाले, तर जवळजवळ तीन टन चांगला दगडी कोळसा जाळल्याइतकी उष्णता मिळते.

अडचण एवढीच, की खाणीतून निघालेल्या युरेनियमच्या दर हजार अणूंत युरेनियम-२३५ चे अणू असतात फक्त सात. बाकीचे ९९३ अणू युरेनियम-२३८ चे. साधे पाणी वापरणाऱ्या अणुभट्टीला एवढे थोडे युरेनियम-२३५ पुरत नाही. म्हणून तिच्या इंधनातील त्याचे प्रमाण मुद्दाम वाढवावे लागते. अशा युरेनियमला समृद्ध युरेनियम म्हणतात. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांसाठी हे प्रमाण दोन-अडीच टक्क्यांच्या आसपास न्यावे लागते. समृद्धीकरणाचे हे तंत्र फार अवघड आणि खर्चाचे आहे. १९६० च्या दशकात ते जगातील मोजक्याच देशांना अवगत होते.

समृद्ध युरेनियमच्या ऑक्साइडच्या, खडूच्या तुकड्यासारख्या दिसणाऱ्या छोट्या गोळ्या करतात. त्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या लांब नळ्यांत भरतात आणि नळ्यांचे जुडगे बांधून भट्टीच्या गाभ्यात ठेवतात. काही वर्षांनी युरेनियम-२३५ कमी होते आणि न्यूट्रॉन गिळून टाकणारे नको ते पदार्थ साचतात. साखळी मंदावू लागते. मग ते जुडगे बाहेर काढून नवे घालावे लागतात. बाहेर काढलेले हे इंधन म्हणजेच आपली ‘राख’.

पण ही राख खरोखर राख आहे काय? एक टन वापरलेल्या इंधनाचा ढोबळ हिशोब मांडून पाहू. त्यात सुमारे ९६० किलोग्रॅम युरेनियम तसेच शिल्लक असते! विखंडनातून झालेले निरनिराळे तुकडे असतात सुमारे ३० किलोग्रॅम. आणि सात ते दहा किलोग्रॅम असते एक नवेच मूलद्रव्य, प्लुटोनियम. ते इंधनात घातलेले नव्हते. ते भट्टीतच जन्माला आले.

ते कसे? युरेनियम-२३८ चा अणुगर्भ मंदगती न्यूट्रॉनने सहसा फुटत नाही, पण तो न्यूट्रॉन पोटात घेतो. त्याचे युरेनियम-२३९ होते. त्याचे काही मिनिटांत नेपच्युनियम-२३९ होते आणि त्याचे काही दिवसांत प्लुटोनियम-२३९ होते. हे प्लुटोनियम युरेनियम-२३५ प्रमाणेच फुटते. म्हणजे ज्या युरेनियम-२३८ चा इंधन म्हणून फारसा उपयोग नव्हता, त्याच्यापासूनच नवे इंधन तयार झाले.

रुई आणि सरकी

वर्धा जिल्ह्यातील मुलांना कापूस काही नवा नाही. वेचलेला कापूस जसाच्या तसा सूतगिरणीत जात नाही. आधी तो जिनिंगमध्ये जातो. तेथे रुई निराळी होते, सरकी निराळी होते आणि काडीकचरा बाजूला पडतो. रुईचे सूत निघते. सरकीचे तेल आणि पेंड होते. पूर्वी शेतकरी घरचीच चांगली सरकी पुढच्या पेरणीसाठी राखून ठेवीत.

वापरलेल्या इंधनाचेही असेच ‘जिनिंग’ करता येते. त्यालाच पुनःप्रक्रिया म्हणतात. उरलेले युरेनियम ही रुई समजा. प्लुटोनियम ही सरकी, कारण तिच्यातून पुढचे पीक काढता येते. आणि विखंडनाचे तुकडे हा काडीकचरा. मात्र येथे उपमा थांबवली पाहिजे. कापसाच्या कचऱ्याने फार तर ठसका लागेल. हा कचरा इतका किरणोत्सारी असतो, की नुकत्याच बाहेर काढलेल्या इंधनाजवळ आडोशाशिवाय काही क्षण उभे राहणेही प्राणघातक ठरते.

म्हणून इंधनाचे जुडगे प्रथम काही वर्षे पाण्याच्या खोल हौदात बुडवून ठेवतात. पाणी उष्णता वाहून नेते आणि किरणांनाही अडवते. नंतर ते काँक्रीटच्या जाडजूड भिंतींच्या खोलीत नेतात. माणूस बाहेर उभा राहतो, शिसेयुक्त काचेच्या जाड खिडकीतून पाहतो आणि यांत्रिक हातांनी काम करतो. नळ्यांचे तुकडे करून ते तीव्र नायट्रिक आम्लात टाकले जातात. आतील इंधन विरघळते. मग या आम्लात केरोसिनसारखे एक तेल मिसळतात. त्या तेलात ट्रायब्युटिल फॉस्फेट नावाचे रसायन असते. युरेनियम आणि प्लुटोनियम या तेलात शिरतात. विखंडनाचे तुकडे आम्लातच राहतात. ताक घुसळल्यावर लोणी वर येते, तसे तेल वर तरंगते आणि निराळे करता येते. पुढे प्लुटोनियमची रासायनिक अवस्था बदलून त्याला युरेनियमपासून वेगळे करतात. या पद्धतीला ‘प्युरेक्स’ असे नाव आहे.

या कारखान्यातील भांडी मुद्दाम चिंचोळी किंवा पातळ ठेवावी लागतात. एका जागी फार प्लुटोनियम जमले, तर तेथेच साखळी सुरू होण्याचा धोका असतो! उरलेला तीव्र किरणोत्सारी द्रव वितळलेल्या काचेत मिसळून तिचे ठोकळे करतात, म्हणजे तो पाझरत नाही. हे काम हलगर्जीपणाने केले तर काय होते, ते १९५७ साली दिसून आले. सोव्हिएत संघातील मायाक येथे अशाच टाकाऊ द्रवाची टाकी थंड ठेवण्याची व्यवस्था बिघडली. टाकीचा स्फोट झाला आणि दूरवरचा प्रदेश किरणोत्सर्गाने दूषित झाला.

भारताला ही विद्या लवकर साधली. मुंबईजवळ तुर्भे येथे १९६४ साली पुनःप्रक्रियेचा पहिला कारखाना सुरू झाला. तेव्हा अशी सोय जगात फार थोड्या देशांपाशी होती. भारताला तिची गरज का वाटली, त्याचे उत्तर डॉ. होमी भाभा यांच्या योजनेत सापडते. आपल्याकडे युरेनियम बेताचेच, पण थोरियम विपुल. केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरील वाळूत ते सापडते. मात्र थोरियम आपण होऊन फुटत नाही. म्हणून भाभांनी तीन टप्पे आखले. पहिल्या टप्प्यात युरेनियमच्या भट्ट्यांतून वीज आणि प्लुटोनियम मिळवायचे. दुसऱ्या टप्प्यात ते प्लुटोनियम द्रुत प्रजनक अणुभट्ट्यांत वापरून आणखी इंधन निर्माण करायचे. तिसऱ्या टप्प्यात थोरियमपासून बनणाऱ्या युरेनियम-२३३ वर भट्ट्या चालवायच्या. एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाण्याची शिडी एकच, ती म्हणजे पुनःप्रक्रिया. जो देश ही शिडी गमावतो, त्याची योजना पहिल्याच पायरीवर अडकते.

एकच पदार्थ, दोन उपयोग

मग जगाला या प्रक्रियेची धास्ती का वाटते? ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर पडलेला अणुबाँब प्लुटोनियमचा होता. त्यात सुमारे सहा किलोग्रॅम प्लुटोनियम होते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था तपासणीच्या कामासाठी आठ किलोग्रॅम प्लुटोनियम हे परिमाण धरते. एवढे प्लुटोनियम गहाळ झाले, तर त्याचा बाँब झाला नसेल, असे खात्रीने म्हणता येणार नाही, असा त्याचा अर्थ. आता आपला मघाचा हिशोब आठवा. एक टन वापरलेल्या इंधनात सात ते दहा किलोग्रॅम!

वीजकेंद्रातील इंधन भट्टीत बराच काळ राहते, त्यामुळे त्यातील प्लुटोनियममध्ये प्लुटोनियम-२४० चा अंश वाढतो. बाँब बनविणाऱ्याला तो त्रासदायक असतो. पण त्रासदायक म्हणजे अशक्य नव्हे. जोवर प्लुटोनियम वापरलेल्या इंधनातच आहे, तोवर त्याच्याभोवतीचा किरणोत्सर्गच पहारेकऱ्याचे काम करतो. पुनःप्रक्रिया केली की हा पहारा उठतो. सगळ्या वादाचे मूळ येथे आहे. विजेसाठी प्लुटोनियम काढणारा कारखाना आणि बाँबसाठी काढणारा कारखाना यांची रसायनविद्या एकच असते. फरक असतो तो हेतूचा, आणि हेतू मोजण्याचे यंत्र अजून निघालेले नाही. म्हणूनच देशादेशांत करार होतात आणि तपासणीची व्यवस्था ठेवावी लागते.

१९६३ चा करार

८ ऑगस्ट १९६३ रोजी भारत आणि अमेरिका यांच्यात वॉशिंग्टन येथे करार झाला. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने तारापूरला दोन अणुभट्ट्या उभारून द्यायच्या आणि अमेरिकेने तीस वर्षे समृद्ध युरेनियम विकायचे, असे ठरले. या भट्ट्या अमेरिकेकडून आलेल्या इंधनावरच चालवायच्या, हेही भारताने मान्य केले. २८ ऑक्टोबर १९६९ पासून भारतातील या पहिल्या अणुवीज केंद्रातून नियमित वीज मिळू लागली. पुढे अमेरिकेतून आलेल्या युरेनियमपासून इंधनाचे जुडगे बनविण्याचे काम हैदराबादच्या अणुइंधन संकुलात होऊ लागले. १९७१ सालच्या त्रिपक्षीय करारानुसार तारापूरची तपासणी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेकडे आली. कोणता जुडगा केव्हा आत गेला, केव्हा बाहेर आला, याचा हिशोब या संस्थेचे निरीक्षक तपासू लागले.

वापरलेल्या इंधनाचे काय? करारात त्याविषयी एक कलम होते. त्याचा आशय असा, की भारत आपल्या कारखान्यात या इंधनावर पुनःप्रक्रिया करू शकेल, मात्र तेथे तपासणीच्या तरतुदी परिणामकारक रीतीने लागू करता येतील, हे दोन्ही देशांनी मिळून निश्चित केले पाहिजे.

वाक्य साधेच दिसते. पण त्याचे दोन अर्थ निघाले. भारताने म्हटले: पुनःप्रक्रियेचा हक्क आम्हाला आहेच, मिळून ठरवायचे ते फक्त तपासणी नीट होईल की नाही एवढेच. तारापूरचा कारखाना आम्ही तपासणीला खुला करतो, मग अडचण कसली? अमेरिकेच्या दृष्टीने मात्र ‘मिळून निश्चित करणे’ याचा अर्थ असा होता, की आमच्या संमतीशिवाय काम सुरू होऊ शकत नाही. समजा, एखाद्या व्यापाऱ्याने बियाणे विकताना म्हटले, की कापूस तुमचाच, पण जिनिंगमध्ये नेण्यापूर्वी तेथला काटा बरोबर आहे ना, हे आपण दोघे मिळून पाहू. आणि पुढे काटा पाहायला तो आलाच नाही, तर? कापूस कोठारात पडून राहील. तारापूरला नेमके हेच घडले.

भारताने तारापूर येथे वर्षाला सुमारे १०० टन इंधन हाताळू शकेल असा पुनःप्रक्रियेचा कारखाना सत्तरीच्या दशकात उभारला होता. तेथे राजस्थानच्या अणुवीज केंद्रातील इंधनावर प्रक्रिया झाली. पण शेजारच्याच दोन अणुभट्ट्यांचे इंधन तेथे गेले नाही.

पोखरणनंतर

वाद चिघळण्याचे कारण घडले १८ मे १९७४ रोजी. त्या दिवशी भारताने राजस्थानातील पोखरण येथे जमिनीखाली अणुस्फोट केला. त्यासाठीचे प्लुटोनियम तारापूरचे नव्हते. ते तुर्भे येथील सायरस या संशोधन-अणुभट्टीतून मिळवलेले होते. सायरस कॅनडाच्या मदतीने उभी राहिली होती आणि तिच्यासाठी जड पाणी अमेरिकेने दिले होते. हा शांततेसाठी केलेला स्फोट आहे, असे भारताने जाहीर केले. कॅनडाने मात्र अणुसहकार्य थांबवले. १९७५ साली सात देशांचे प्रतिनिधी लंडनमध्ये एकत्र आले आणि त्यातूनच अणुपुरवठादार देशांचा गट आकाराला आला. कोणाला काय विकायचे आणि कोणत्या अटींवर, हे हा गट ठरवू लागला.

७ एप्रिल १९७७ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी अमेरिकेतील व्यापारी पुनःप्रक्रिया बेमुदत पुढे ढकलल्याचे जाहीर केले. आपण स्वतः थांबलो तर इतरांनाही थांबा म्हणता येईल, असा त्यामागे विचार होता. मार्च १९७८ मध्ये तेथे नवा कायदा झाला. ज्या देशाला अणुइंधन हवे, त्याने आपली सर्वच अणुकेंद्रे तपासणीला खुली करावीत, अशी अट त्यात घालण्यात आली. भारताने हे मानण्यास नकार दिला. पंतप्रधान मोरारजी देसाई यांचे सरकार अण्वस्त्रांच्या विरोधात होते, पण तेही या अटीला तयार झाले नाही. एका केंद्रापुरता करार केलेला असताना घरातील सगळ्याच खोल्यांच्या किल्ल्या मागणे योग्य नाही, असे भारताचे म्हणणे होते. शिवाय जुन्या करारावर नवा कायदा लादता येतो काय, हाही प्रश्न होताच.

१९८० साली तारापूरसाठीचे ३८ टन इंधन अडकून पडले. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने परवाना नाकारला. कार्टर यांनी आपल्या अधिकारात ते पाठवण्याचे ठरवले. प्रतिनिधिगृहाने विरोध केला. शेवटी २४ सप्टेंबर १९८० रोजी सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ मतांनी इंधनाचा मार्ग मोकळा झाला. दोन मतांचा फरक! महाराष्ट्र-गुजरातेतील वीज तिकडच्या एका सभागृहातील हात किती वर होतात, यावर टांगलेली होती. एकाच पुरवठादारावर विसंबणे म्हणजे काय, हे भारतीय शास्त्रज्ञांना त्या दिवसांत पुरते उमगले.

१९८२ साली पंतप्रधान इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या तेव्हा तोडगा निघाला. अमेरिकेऐवजी फ्रान्सने इंधन द्यावे आणि तपासणी पूर्वीप्रमाणेच चालू राहावी, असे ठरले. पुरवठ्याचा प्रश्न सुटला. पुनःप्रक्रियेचा मात्र तसाच राहिला. अमेरिकेने संमती दिली नाही आणि वापरलेले इंधन परतही नेले नाही. तारापूरचे हौद भरत चालले. जुडगे अधिक दाटीने ठेवण्याची सोय करावी लागली, पुढे साठवणुकीसाठी स्वतंत्र जागा बांधावी लागली.

दरम्यान आपल्या शास्त्रज्ञांनी दुसराही मार्ग तयार ठेवला. समृद्ध युरेनियमऐवजी युरेनियम आणि प्लुटोनियम यांच्या ऑक्साइडांचे मिश्र इंधन त्यांनी विकसित केले. नव्वदीच्या दशकात त्याचे काही जुडगे तारापूरच्या भट्ट्यांत प्रयोगादाखल घालण्यात आले. हे प्लुटोनियम अर्थातच पुनःप्रक्रियेतून आलेले होते.

२४ ऑक्टोबर १९९३ रोजी तीस वर्षे पुरी होऊन करार संपला. आता या इंधनावर आपला पूर्ण अधिकार आहे, अशी भारताची भूमिका होती. तरीही १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेशी निराळा करार करून भारताने तारापूरची तपासणी चालूच ठेवली. त्यानंतर १९९५ साली चीनने आणि पुढे रशियाने इंधन दिले.

नवा करार, नवी युक्ती

१८ जुलै २००५ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी अणुसहकार्य पुन्हा सुरू करण्याचे जाहीर केले. भारताने आपली अणुकेंद्रे नागरी आणि लष्करी अशी वेगळी करायची, नागरी केंद्रे तपासणीखाली आणायची आणि त्या बदल्यात जगाने भारताशी अणुव्यापार करायचा, असे त्याचे स्वरूप होते. अमेरिकेच्या १९५४ सालच्या अणुऊर्जा कायद्याच्या १२३ व्या कलमानुसार असे करार होतात, म्हणून वर्तमानपत्रांत ‘१२३ करार’ हे नाव रूढ झाले.

या वाटाघाटींत सर्वांत चिवट ठरलेल्या मुद्द्यांपैकी एक होता पुनःप्रक्रियेचा. अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष होते डॉ. अनिल काकोडकर. तारापूरला जे एकदा घडले, ते पुन्हा घडता कामा नये, असा भारताचा आग्रह होता. तोडगा निघाला तो असा: परदेशी इंधनासाठी भारताने एक स्वतंत्र राष्ट्रीय कारखाना बांधावा, तो आंतरराष्ट्रीय तपासणीखाली ठेवावा, आणि त्या कारखान्यापुरती अमेरिकेने आधीच संमती द्यावी.

६ सप्टेंबर २००८ रोजी अणुपुरवठादार देशांच्या गटाने भारताला सूट दिली आणि १० ऑक्टोबर २००८ रोजी करारावर सह्या झाल्या. यावेळी कलमाची शब्दरचना पाहण्यासारखी आहे. पुनःप्रक्रियेच्या तपशिलावर चर्चा मागणी केल्यापासून सहा महिन्यांत सुरू व्हावी आणि पुढच्या एका वर्षात संपावी, अशी कालमर्यादाच घालण्यात आली. १९६३ च्या कलमात ती नव्हती. तपशिलाच्या व्यवस्थेवर ३० जुलै २०१० रोजी सह्या झाल्या. तथापि काही गंभीर कारणे उद्भवल्यास ही संमती स्थगित करण्याची तरतूदही तीत आहे. म्हणजे परवानगीची दोरी सैल झाली, सुटली नाही. फ्रान्सशी २००८ साली आणि जपानशी २०१६ साली झालेल्या करारांतही पुनःप्रक्रियेची तरतूद आहे.

इतर देशांचे अनुभव निरनिराळे आहेत. जपानचा तोकाई येथील कारखाना १९७७ साली असाच अमेरिकेच्या संमतीसाठी अडला होता. १९८८ च्या करारात जपानला दीर्घ मुदतीची संमती मिळाली. दक्षिण कोरियाला तशी मोकळीक मिळालेली नाही. संयुक्त अरब अमिरातीने २००९ च्या करारात पुनःप्रक्रिया करणार नाही, असे आपण होऊन कबूल केले. फ्रान्समध्ये ला हाग येथे हे काम मोठ्या प्रमाणावर चालते. उलट ब्रिटनने आपला थॉर्प हा कारखाना २०१८ साली बंद केला. अमेरिकेत १९८१ साली बंदी उठली, पण व्यापारी कारखाने काही पुन्हा उभे राहिले नाहीत, कारण नवे युरेनियम विकत घेणे स्वस्त पडते.

यावरून दिसते, की या प्रश्नाला तीन बाजू आहेत. पुरवठादार देश म्हणतो, माझ्या इंधनातून उद्या बाँब निघाला तर त्याची जबाबदारी माझ्यावरही येते. ही भीती खोटी नाही. घेणारा देश म्हणतो, मी पैसे मोजले, वीज माझी, कचरा सांभाळायचा मी, मग त्यातील मोलाच्या पदार्थावर दुसऱ्याचा हुकूम का? ही तक्रारही खोटी नाही. आणि हिशोब ठेवणारा विचारतो, एवढा खर्च आणि एवढा धोका पत्करून मिळणारे प्लुटोनियम वापरायला प्रजनक भट्ट्या तरी तयार आहेत काय? भारतात कल्पाक्कम येथे प्रायोगिक प्रजनक अणुभट्टी १९८५ पासून आहे. तेथेच ५०० मेगावॉटची मोठी भट्टी बांधण्यात आली आणि मार्च २०२४ मध्ये तिचा गाभा भरण्याच्या कामाला प्रारंभ झाला. तिला ठरल्यापेक्षा फार उशीर झाला, हे मात्र मान्य केले पाहिजे.

पुढच्या पिढीचा प्रश्न

तारापूरला २०११ साली पुनःप्रक्रियेचा दुसरा कारखाना राष्ट्राला अर्पण करण्यात आला. तेथे २००५ आणि २००६ साली प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या दोन स्वदेशी अणुभट्ट्याही वीज देऊ लागल्या. त्या नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी वापरतात, त्यामुळे समृद्ध युरेनियमसाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. जुन्या दोन भट्ट्या पन्नास वर्षे चालून २०२० साली मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवण्यात आल्या. रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूर येथे फ्रेंच बनावटीच्या सहा मोठ्या अणुभट्ट्यांचा प्रस्ताव आहे. त्या झाल्या तर त्यांच्या वापरलेल्या इंधनाचे काय करायचे, हा प्रश्न पुन्हा आपल्याच किनाऱ्यावर येईल.

या इंधनाची घाई नसते, हेही लक्षात घ्या. त्यातील सीझियम-१३७ चे अर्धायुष्य ३० वर्षांचे आहे, तर प्लुटोनियम-२३९ चे सुमारे २४,१०० वर्षांचे. करार टिकतो तीस-चाळीस वर्षे. सरकार टिकते पाच वर्षे. प्लुटोनियमच्या अर्धायुष्याच्या मानाने शिवाजी महाराजांचा काळही कालपरवाचाच म्हणायचा. हौदातील एखाद्या जुडग्याचा निर्णय आज कोणी घेतला नाही, तर तो आज शाळेत असलेल्यांना घ्यावा लागेल. तेव्हा त्यांच्यापैकी कोणी रसायनशास्त्रज्ञ असेल, कोणी वकील, कोणी खासदार, तर कोणी किनाऱ्यावरच्या गावाचा सरपंच.

म्हणून शेवटी एक काम सुचवतो. आपल्या वर्गात दोन गट करा. एका गटाने भारताची बाजू घ्यावी, दुसऱ्याने अमेरिकेची. १९६३ च्या कलमाचा आशय वर दिलेला आहे. तो फळ्यावर लिहा आणि वाद घाला. मग दोन्ही गटांनी मिळून ते कलम पुन्हा लिहावे, असे की त्याचा एकच अर्थ निघेल, वीज अडणार नाही आणि प्लुटोनियमचा हिशोबही चुकणार नाही. लिहून झाल्यावर गटांची अदलाबदल करा आणि एकमेकांच्या मसुद्यातील पळवाटा शोधा. पहिल्याच प्रयत्नात निर्दोष कलम जमले नाही तरी वाईट वाटून घेऊ नका. दोन्ही देशांच्या तज्ज्ञांनाही त्यासाठी १९६३ पासून २०१० पर्यंत वाट पाहावी लागली.